टाकीच्या झाकणावरची गाठ

कांताबाई लोणच्यासाठी काचेच्या बाटल्या जपून ठेवत आणि धोंडबा त्या एकेक करून पळवत. पळवलेली बाटली मागच्या खिडकीत जाई. तिथून ती स्वयंपाकघरात कधी परत येत नसे, कारण तिला पेट्रोलचा वास लागलेला असे. धोंडबा सुखदेवे कोणत्याही पेट्रोलवर एकदम विश्वास ठेवत नसत. थोडं बाटलीत काढायचं, न हलवता खिडकीत ठेवायचं आणि काही तासांनी उजेडासमोर धरायचं. पाणी असेल तर ते तळाशी बसतं आणि मध्ये केसासारखी एक रेघ दिसते. स्वतःच्या स्कूटरच्या पेट्रोललाही ही परीक्षा चुकली नव्हती.

"एक दिवस मलेही बाटलीत घालून खिडकीत ठेवतीन," कांताबाई शेजारणीला सांगत. "खाली काय बसते ते पाहासाठी."

धोंडबांचं वय एकाहत्तर. अंगानं लहानखुरे, पण मनगटं एखाद्या पहिलवानाची. सरकारी खात्याच्या यांत्रिकी कार्यशाळेत त्यांची चौतीस वर्षं गेली. धरणांची खोली मोजायला जाणाऱ्या बोटींच्या मोटरी त्यांच्या हाताखाली असत. बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची, खाली पाण्यात पंखा आणि वर डोक्यासारखं इंजिन असलेली ही मोटर. नागपूर हे समुद्रापासून फार लांबचं गाव. इथे ट्रकचं इंजिन उघडणारे गल्लोगल्ली भेटतात, पण बोटीची मोटर बिघडली की दहा ठिकाणी विचारून माणूस शेवटी सक्करदऱ्याला धोंडबांच्या दारात येई.

त्यांची कामाची रीत शंकेची होती. पेट्रोल टाकीतून निघून ज्या वाटेनं इंजिनापर्यंत जातं, त्या वाटेवरच्या प्रत्येकाची ते झडती घेत. आधी टाकी, मग नळी, नळीतला हातानं दाबायचा रबरी फुगा, गाळणी, पंपाचा पातळ पडदा, शेवटी कार्बोरेटर. कुणी कितीही साळसूद दिसो, तपासल्याशिवाय सुटका नाही. मोटरीच्या बाबतीत हा स्वभाव फार उपयोगाचा होता. मात्र धोंडबा घरी येताना तो कार्यशाळेत ठेवून येत नसत. गॅसचं सिलिंडर आलं की ते आधी काट्यावर चढे. दूधवाल्यानं दूध ओतताना डावा हात का हलवला, याचा ते दुपारपर्यंत विचार करीत.

हा स्वभाव जन्मापासूनचा मात्र नव्हता. नोकरीच्या बाराव्या वर्षी कार्यशाळेतून पेट्रोलचा एक कॅन नाहीसा झाला आणि बोट धोंडबांकडे दाखवलं गेलं. सहा महिने चौकशी चालली. जेवणाच्या सुट्टीत लोक डबा घेऊन दुसऱ्या बाकावर बसू लागले. पुढे कॅन दुसऱ्याच एकाच्या घरी सापडला, चौकशी बंद झाली, आणि लोक पुन्हा त्यांच्या बाकावर येऊन बसले. कुणी काही म्हटलं नाही. धोंडबांनीही विचारलं नाही. फक्त त्या वर्षापासून ते प्रत्येकाच्या हाताकडे बघू लागले.

यंदा भाद्रपदात त्यांना मधुकररावांचा फोन आला. मधुकरराव म्हणजे उमरेड रस्त्यापासून आत असलेल्या बोरगव्हाणच्या तलावावरच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. पंधरा वर्षांपूर्वी खात्यानं एक जुनी मोटर लिलावात काढली, ती या संस्थेनं घेतली होती. तेव्हा मोटर बसवून द्यायला धोंडबाच गेले होते.

"मिस्त्रीजी, मोटर भर तलावात बंद पडून राहिली," मधुकरराव म्हणाले. "दोनदा झालं. परवा वाऱ्यानं बोट पार बुडालेल्या झाडांत नेली. जाळं फाटलं."

"चालवते कोण?"

"नत्थूच. अन् खरं सांगू का, मले त्याचाच शक येते. पेट्रोल काढून घेत असंन अन् वरून पाणी टाकत असंन. येत्या रविवारी सभा आहे. बोट त्याच्याकडून काढून घ्यायची असं बहुतेकाच्या मनात आहे. पण उगीच कोणावर आळ नको, म्हणून तुमचं मत पाहिजे. तुम्ही म्हणाल ते."

नत्थू धोंडबांना आठवत होता. मोटर आली तेव्हा तो तिशीचा होता. शिकवलेलं सगळं खाली मान घालून ऐकणारा, एकही प्रश्न न विचारणारा माणूस. तेव्हापासून बोट त्याच्याच हाती होती. घरच्या जमिनीचा तुकडाही नसलेल्या त्या माणसाची गावातली सगळी ओळख त्या मोटरीवर उभी होती. लोक त्याला नत्थू मोटरवाला म्हणत.

फोन ठेवला तेव्हाच धोंडबांना त्याची मान खाली घालण्याची सवय संशयास्पद वाटू लागली होती.

मंगळवारी ते हत्यारांची पिशवी घेऊन बसनं गेले. तलावाच्या काठावर संस्थेची टिनाची शेड. मोटर एका लाकडी घोड्यावर लटकवलेली, शेजारी तिची लाल पत्र्याची टाकी. धोंडबांनी टाकी तिरपी करून तळातलं पेट्रोल बाटलीत घेतलं आणि बाटली फळीवर ठेवून दिली. चहा होईपर्यंतच रेघ दिसू लागली. खाली चांगलं बोटभर पाणी.

मधुकररावांनी बाटलीकडे पाहिलं आणि मग नत्थूकडे. नत्थूनंही बाटलीकडे पाहिलं, पण मग तो कुणाकडेच बघेना.

"हे कुठून आलं गा?" धोंडबांनी विचारलं.

"मले मालूम नाही."

"टाकी तुह्याच ताब्यात राहते ना?"

"हो."

"मंग?"

नत्थूनं मान खाली घातली. खरं तर माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल माणूस आणखी काय बोलणार? पण धोंडबांना ते त्या वेळी सुचलं नाही. त्यांनी टाकी रिकामी करून वाळवली, कार्बोरेटर उघडून धुतला, गाळणी साफ केली, नवं पेट्रोल तेल मिसळून भरलं. निघताना मधुकररावांच्या आणि दोन-चार सभासदांच्या देखत ते म्हणाले, "आता या टाकीत एक थेंब जरी पाणी निघालं, तर कोणी टाकलं हे विचारायची गरज राहणार नाही."

हे बोलताना त्यांनी नत्थूचं नाव घेतलं नाही. पण सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या आणि ते धोंडबांनी पाहिलं.

गुरुवारी खुद्द नत्थूचाच फोन आला.

"मिस्त्रीजी, पुन्हा बंद पडली. पाव घंटा चालते मस्त. मंग खोकलते अन् मरते. अर्धा घंटा थांबलं की पुन्हा चालू होते."

धोंडबा खाटेवर उठून बसले. हा आजार त्यांच्या ओळखीचा होता. टाकीच्या झाकणावर हवेचा एक छोटा स्क्रू असतो. पेट्रोल जसजसं कमी होतं, तसतशी तिथून हवा आत येते. तो बंद राहिला तर टाकीचा श्वास कोंडतो आणि पंपानं कितीही ओढलं तरी पेट्रोल येत नाही.

"झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहिला का?"

"उघडाच आहे. तुम्ही लिहून देल्यापरमाणं."

"बरोबर पाहून सांग."

"आताच हात लावून पाहिला, मिस्त्रीजी. उघडा आहे."

मग स्क्रू निर्दोष सुटला. राहिली नळी, फुगा आणि पंपाचा पडदा. आणि राहिला नत्थू. धोंडबांनी संध्याकाळपर्यंत सगळ्यांचा विचार केला आणि शेवटी नत्थूपाशीच येऊन थांबले. पाव तासानं बरोबर बंद पडणारी आणि अर्ध्या तासानं आपोआप सुरू होणारी मोटर त्यांना फार सोयीची वाटत होती. तेवढ्या वेळात पलीकडच्या काठावर कुणाला भेटता येतं, कॅन देता येतो.

"बोटीत बसूनच पाहतो," ते म्हणाले. "हात कुठं जाते त्याचा."

"मोटरीचा का नत्थूचा?" कांताबाईंनी विचारलं.

शनिवारी ते पुन्हा बोरगव्हाणला गेले. या वेळी मोटर बोटीलाच लावलेली होती. टाकी पुढच्या फळीखाली, ऊन लागू नये म्हणून गोणपाटानं झाकलेली. धोंडबांनी नळीचं मोटरीकडचं टोक सोडवलं, फुगा दाबून तिथूनच बाटली भरली आणि उन्हात धरली. पेट्रोल स्वच्छ. चहा झाला तरी रेघ नाही. त्यांना हायसं वाटायला हवं होतं, पण ते जास्तच अस्वस्थ झाले. पाणी असतं तर गोष्ट संपली असती.

"चाल," ते म्हणाले.

दोघं निघाले. मागे नत्थू सुकाणूच्या दांड्यावर हात ठेवून, मध्ये त्याच्याकडे तोंड करून धोंडबा, मोटर पूर्ण वेगात. धोंडबांची नजर घड्याळावरून नत्थूच्या हातांवर आणि हातांवरून पुन्हा घड्याळावर जात होती. नत्थूला ते कळत होतं. त्यानं मोकळा हात गुडघ्यावर पालथा ठेवला होता आणि नाकावर माशी बसली तरी तो हलवला नाही.

दहा मिनिटं झाली, बारा झाली. तेराव्या मिनिटाला मोटर खोकली, पुन्हा सावरली, पुन्हा खोकली आणि तलावाच्या मधोमध गप्प झाली.

नत्थूचा हात गुडघ्यावरच होता.

धोंडबा वाकले आणि त्यांनी नळीतला फुगा हातात घेतला. तो फुगा राहिलाच नव्हता. आंब्याची चोखलेली कोय असावी तसा चपटा होऊन पडला होता. म्हणजे पेट्रोल मागेच अडलं होतं. ते सरकत सरकत पुढच्या फळीपाशी गेले आणि गोणपाट ओढलं. टाकीचे दोन्ही पत्रे आत खेचले गेले होते, म्हाताऱ्याच्या गालांसारखे. आणि झाकण दिसतच नव्हतं. त्यावर दुहेरी प्लास्टिक, प्लास्टिकवर सायकलच्या ट्यूबची पट्टी, पट्टीवर जाळ्याच्या दोरीचे सात-आठ वेढे, आणि शेवटी एक बारीक, अवघड गाठ.

धोंडबांनी त्या गाठीवरून अंगठा फिरवला.

"हे काहून बांधलं?"

"तुमीच म्हणले ना," नत्थू म्हणाला. "एक थेंब जरी निघाला तर म्हणून. मंग मंगळवारीच बांधलं. ही गाठ माह्या बापाची आहे, गावात दुसऱ्या कोणाले येत नाही. कोणी खोललं तर मले समजते. अन् मी खोललं नाही हे तुमाले समजते."

"मंग स्क्रू उघडा आहे काहून म्हणला फोनवर?"

"उघडाच आहे. प्लास्टिकच्या आत."

धोंडबांनी गाठीला हात घातला.

"तुमी नका खोलू," नत्थू लगबगीनं म्हणाला. "मीच खोलतो, तुमच्यासमोर. तुमी पाहून राहा."

त्यानं गाठ सोडली. प्लास्टिक सैल होताच टाकीनं फुस्स करून इतका लांब श्वास घेतला की दोघंही दचकले. पत्रे टणकन जागेवर आले. धोंडबांनी फुगा दोनदा दाबला, नत्थूनं दोरी ओढली आणि मोटर पहिल्याच झटक्याला सुरू झाली.

परतीच्या वाटेवर धोंडबा नत्थूकडे पाठ करून बसले. मोटर का मरते ते कळलं होतं. ज्याच्यावर शंका घेतली, त्यानं स्वतःला वाचवायला टाकीचं नाक बांधलं होतं. पण मंगळवारचं ते बोटभर पाणी? झाकण तर त्याच्या आधी बांधलेलं नव्हतं. शंकेला अजून पाय ठेवायला जागा होती आणि धोंडबांनी ती सोडली नाही.

शेडमध्ये येऊन त्यांनी विचारलं, "टाकी कुठं ठेवत होता?"

नत्थूनं कोपरा दाखवला. जमिनीवर टाकीच्या तळाचा गंजका चौकोन उमटला होता. धोंडबांनी वर पाहिलं. टिनाला नेमक्या त्याच जागी एक भोक, त्यातून आलेली उन्हाची तिरीप चौकोनाच्या आत पडलेली. यंदाचा सगळा पाऊस त्या भोकातून थेंब थेंब टाकीवर पडला असणार.

"अन् स्क्रू? मोटर बंद असतानाही उघडा ठेवत होता का?"

"हो."

"काहून?"

नत्थूनं भिंतीकडे बोट केलं. तिथे प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चारी कोपऱ्यांना खिळे मारून एक कागद लावलेला होता. शाई फिकी झाली होती, पण अक्षर वळणदार होतं. पंधरा वर्षांपूर्वी धोंडबांनी स्वतः लिहिलेल्या सूचना. तिसरी सूचना अशी: टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू नेहमी उघडा ठेवावा. खाली सही, धों. सुखदेवे.

त्यांना लिहायचं होतं, मोटर चालू असताना. लिहिलं नेहमी. आणि या माणसानं ते पंधरा वर्षं नेहमी पाळलं होतं.

धोंडबा बस पकडायला निघाले. निघताना नत्थूनं एक मासा पानात बांधून पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

संध्याकाळी कांताबाई मेथी निवडत होत्या. धोंडबांनी त्यांना सगळं सांगितलं.

"मंग उद्या सभेत काय सांगता?"

"सांगतो की आजकालचं पेट्रोलच तसं येते. हवेतलं पाणी धरते. लोकं मानतीन. नत्थूही वाचते."

"अन् तुमीही वाचता."

धोंडबांनी मेथीची एक काडी उचलली आणि परत ठेवली.

"तुमची चौकशी संपली होती," कांताबाई मेथीवरची नजर न उचलता म्हणाल्या, "त्या दिवशी घरी येऊन तुमी जेवले नव्हते. मी म्हटलं, आता तं सुटले, आता काहून? तं तुमी म्हणले, कोणी काहीच म्हटलं नाही."

"म्हटलं असंन मी."

"हो. लक्षात आहे मले."

रविवारी दुपारी शेडसमोर तीस-बत्तीस सभासद जमले. धोंडबा उभे राहिले आणि त्यांनी सरळ सांगितलं. पाणी कुणी टाकलं नाही, पावसाचं आहे. स्क्रू उघडा होता, तो माझ्या कागदामुळे. मोटर पुढे बंद पडली ती झाकण बांधल्यामुळे, आणि ते झाकण नत्थूनं बांधलं माझ्या बोलण्यामुळे.

मधुकरराव खाकरले. "मिस्त्रीजी, वाईट वाटून घेऊ नका. पण काल तुमी दोघंच बोटीत होते. मंगळवारी एक सांगत होते, आज दुसरं सांगून राहिले. तिकडं तलावात काही ठरलं तं नाही ना?"

मागे कुणीतरी हसलं. धोंडबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पस्तीस वर्षांपूर्वीचा तो बाक, उठून दुसरीकडे गेलेले ते डबे, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. पण मधुकररावांचा त्यांना राग आला नाही. त्या जागी आपण असतो तर हेच विचारलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "माह्यावर विश्वास नका ठेवू. नत्थू इथंच बसंन. बोट दुसरा कोणी चालवंन. झाकण तुमी स्वतःच्या हातानं बांधा, मधुकरराव, अन् टाकीवर बसून राहा. काठाकाठानं चला, सगळ्याले दिसलं पाहिजे."

टाकी गळ्यापर्यंत भरली गेली. मधुकररावांनी झाकण प्लास्टिकनं घट्ट बांधलं. दुसऱ्या एका सभासदानं मोटर धरली. बोट काठाला धरून फिरू लागली आणि सगळी सभा बांधावर उभी राहून बघू लागली.

"किती वेळ?" एकानं विचारलं.

"काल टाकी अर्धी होती तं तेरा मिनिटं लागली. आज भरली आहे, आतमधी हवा कमी. लवकर मरंन."

सहाव्या मिनिटाला मोटर खोकली. सातव्याला मेली. बोटीतून मधुकररावांचा आवाज आला, "अबे, हे तं माह्या खाली दबून राहिलं." मग त्यांनी दोरी सोडली आणि टाकीचा तो लांब श्वास बांधावरही ऐकू आला. मोटर सुरू झाली. बोट काठाला लागली तेव्हा मधुकरराव टाकी पोटाशी धरून उतरले, आणि बोट काढून घेण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. एकानं शेडवर चढायला शिडी आणली.

धोंडबा नत्थूसमोर जाऊन उभे राहिले. लोक आपापसात बोलत होते, म्हणून त्यांनी आवाज थोडा चढवला. त्यांना ते सगळ्यांना ऐकू जायला हवं होतं.

"नत्थू, मी तुह्यावर शक घेतला. तू काही केलं नव्हतं. चूक माही होती."

बोलणं थांबलं. नत्थूनं मान खाली घातली, पायाच्या अंगठ्यानं मातीत एक रेघ ओढली आणि ती पुसली.

"कागद नवा लिहून द्या," तो म्हणाला. "अन् स्क्रू कधी उघडायचा, कधी लावायचा, ते नीट लिहा. मी तं लिहिलं तसंच करतो."

या वेळी धोंडबांनी मासा घेतला.

सोमवारी सकाळी ते खिडकीपाशी चष्मा लावून बसले. तिसरी सूचना त्यांनी चार वेळा लिहिली. प्रत्येक वाक्य उजेडात धरून पाहावं तसं ते कागद डोळ्यांसमोर धरत, आणि प्रत्येकात त्यांना काहीतरी तळाशी बसलेलं दिसे. शेवटी त्यांनी कांताबाईंना हाक मारली.

"ऐक वं. मोटर सुरू करण्याआधी हवेचा स्क्रू उघडावा. मोटर बंद केल्यावर घट्ट लावावा. काय समजलं तुले?"

"चालवताना उघडा, ठेवताना बंद."

"अन् झाकणाले काही बांधावं असं वाटते का यातून?"

"नाही."

"पाऊस नसला तरी बंद करावा, असं समजते का?"

"तुमी लिहिलंच नाही तसं, तं मले कसं समजंन?"

धोंडबांनी पेन उचललं, ओळ खोडली आणि पाचव्यांदा लिहायला घेतली. कांताबाई उभ्याच होत्या. त्यांनी खिडकीतली एक रिकामी बाटली उचलून हुंगली, तोंड वाकडं केलं आणि परत तिथेच ठेवून दिली.